चार ऑक्टोबर, सकाळी बरोबर नऊ

हिल्के बौसेमा आमच्या कार्यालयात कुणालाच आवडायची नाही, आणि तिलाही आमच्यातलं कुणी आवडत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांची, उंच, ताठ, केस स्वतःच्या हाताने कापलेले. दहाच्या कॉफीला यायची, डब्यातलं एकच बिस्कीट उचलायची, आणि झाकण नीट न लावणाऱ्याकडे अशी बघायची, जणू त्याने चमच्यावर थुंकून तो परत ठेवला असावा.

मी तिच्या समोरच्या टेबलावर बसायचे. फोन घेणं आणि आलेलं टपाल, मेल, फोटो उतरवून ठेवणं हे माझं काम. कालवा खोल करायला घेतल्यापासून दोन वर्षांत काठच्या गावांतल्या भिंती तडकायला लागल्या होत्या, आणि त्या तक्रारी घेण्यासाठी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात हे कार्यालय उघडलं होतं. लोक तड्यांचे फोटो पाठवायचे. मी ते गावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे. तिथून पुढे त्या फाइली हिल्केच्या.

तिच्या पडद्यावर चित्रं नसायची, काळ्यावर पांढरी अक्षरं तेवढी, युनिक्स नावाच्या प्रणालीची. आम्ही माऊस धरून एकेक फोल्डर उघडत बसायचो, तेवढ्यात ती एक ओळ लिहायची. या फोल्डरच्या पोटात, कितीही खोल, गेल्या तीन दिवसांत बदललेल्या आणि एवढ्या आकाराहून मोठ्या फाइली दाखव. त्या हुकमाचं नाव फाइंड. ओळ संपून बोट कळीवरून उठायच्या आत यादी पडद्यावर हजर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून "वा" निघालं. तिने मान वळवून विचारलं, "वा काय? नावं बघ."

नावं मीच दिलेली होती. 'स्वयंपाकघर', 'स्वयंपाकघर नवीन', 'स्वयंपाकघर नवीन दोन', 'शेवटचं', 'शेवटचं खरंच शेवटचं'.

"ही फाइलींची नावं आहेत की कुणी ओकलंय?"

"लोकांनी तशीच पाठवली," मी म्हटलं.

"लोकांनी पाठवली. ठेवली कुणी?"

त्या दिवशी घरी जाताना सायकलवर मला रडू आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी गाव, घर क्रमांक, फोटोत काय आहे अशी नावं द्यायला लागले. सहा महिने तिने एका शब्दानेही दखल घेतली नाही. मग एकदा कॉफीच्या वेळी माझ्या बशीत तिने स्वतःचं बिस्कीट ठेवलं आणि निघून गेली. हिल्केचं कौतुक ते एवढंच.

मग फ्लोरिस आला. आमचा नवा संचालक, चाळिशीचा, थंडीतसुद्धा बिनमोज्याचे बूट, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. पहिल्याच आठवड्यात त्याने हिल्केकडे यंत्राचे सगळे अधिकार मागितले. कुठलीही फाइल उघडायची, हलवायची, पुसायची मुभा.

"कशाला हवेत?" तिने विचारलं.

"अगं, संचालक आहे मी. माझ्या घरात मलाच कुलूप?"

"घर लोकांचं आहे. आपण राखण करतो."

तो हसला. वरून पत्र आणलं, आणि तिला अधिकार द्यावे लागले.

पुढे एकदा पाहणीवाल्यांच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं. साठ फोटोंवर भलत्याच वर्षाची तारीख पडली. त्या तारखा सुधारायच्या होत्या, आणि फ्लोरिसला हौस आली, "मला शिकव." हिल्केने शिकवलं. टच नावाचा एक हुकूम असतो. नुसता दिला तर फाइलीवर आत्ताची वेळ पडते, आणि सोबत तारीख दिली तर फाइल ती तारीख अंगाला लावून घेते. फाइंडने फाइली शोधायच्या आणि शेपटाला टच जोडायचा, की साठच्या साठ एका फटक्यात.

"पण आधी टच नाही," तिने बजावलं. "आधी नुसती यादी काढायची. डोळ्यांनी वाचायची. आपण कशाला हात लावतोय ते बघायचं, आणि मगच हात लावायचा."

त्याने ती हुकमाची ओळ पिवळ्या चिठ्ठीवर उतरवून पडद्याच्या कडेला चिकटवली. कॉफीच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटला, "मीही आता युनिक्सवाला झालो!" हिल्केच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं त्याला हसू म्हणता येईल.

त्याच वर्षी शरद ऋतूत वरून नियम आला. तीस सप्टेंबरपर्यंत आलेल्या तक्रारींत, तडा कालव्यामुळे नाही हे कार्यालयाने सिद्ध करायचं. एक ऑक्टोबरपासून आलेल्यांत, तडा कालव्यामुळेच आहे हे घरमालकाने सिद्ध करायचं. म्हणजे आधी आलेल्यांकडे अभियंता जाणार, आणि नंतर आलेल्यांनी स्वतः अभियंता शोधत फिरायचं. आलेली तारीख ठरवायची कशी? फ्लोरिसने बैठकीत सांगितलं, "फाइलीवर असते ना तारीख. तीच धरू."

हिल्के म्हणाली, "ती तारीख कुणालाही बदलता येते. वेगळी नोंदवही ठेवा."

"कोण बदलणार गं? आपण काय चोर आहोत?"

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही तोंडात कडू येतं.

जानेवारीत एप्पो आला. तेर्सम गावचा, एक्याऐंशी वर्षांचा, बायको गेल्यापासून एकटा. अंगात ओला कोट, हातात आमच्या कार्यालयाचं पत्र. त्याला मी ओळखत होते. सप्टेंबरच्या बाराव्या दिवशी तो पेनड्राइव्ह घेऊन स्वतः आला होता. भिंतीतल्या तड्यात पेन्सिल धरून त्याने दर रविवारी एक फोटो काढला होता. पहिल्या फोटोत पेन्सिलीचं टोक आत जातं, सातव्यात अख्खी पेन्सिल. बारा सप्टेंबर त्याच्या बायकोचा वाढदिवस, म्हणून माझ्यासाठी त्याने केकचा तुकडाही आणला होता. ती तारीख मी विसरणं शक्यच नव्हतं.

"मोई," असा तिकडचा नमस्कार करत तो समोर बसला. "पोरी, हे वाचून दाखव. माझे डोळे गेले की तुमचे, ते कळू दे."

पत्रात लिहिलं होतं, आपली तक्रार चार ऑक्टोबर रोजी, मुदतीनंतर प्राप्त झाली.

"मेनेर, तुम्ही तर बाराला आला होतात," मी म्हटलं. मेनेर म्हणजे आमच्याकडचं अदबीचं 'साहेब'.

"मग मी वेडा नाही. बरं झालं. मुलगी म्हणत होती, बाबा, तुमचा महिन्यांचा घोळ होतोय."

मूळ मेल नव्वद दिवसांनी आपोआप पुसले जात, आणि पेनड्राइव्हमधलं उतरवून मी त्याचा त्याला परत दिला होता. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मी हिल्केला हाक मारली.

तिने एप्पोला पाणीसुद्धा विचारलं नाही. नुसतं "घर क्रमांक?" म्हणाली आणि ओळ लिहिली. सात फोटो वर आले. सातांवर चार ऑक्टोबर. तिने वेळ सेकंदापर्यंत मागवली. नऊ वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद. सातही.

"तू एकाच सेकंदात सात फोटो उतरवलेस?" तिने मला विचारलं.

"नाही."

"तेही बरोबर नऊच्या ठोक्याला?"

तिने शोध अख्ख्या तेर्सम गावावर सोडला. पडदा भरला आणि वर सरकत राहिला. चारशे बारा फाइली, त्रेसष्ट घरं. प्रत्येकीवर चार ऑक्टोबर, सकाळी बरोबर नऊ. शेजारच्या गावांच्या फाइली मात्र जशा यायला हव्या तशा विखुरलेल्या. कुठे ऑगस्टमधला मंगळवार, कुठे दुपारचे दोन वाजून सतरा. तेर्सम कालव्याच्या सगळ्यात जवळ, आणि सगळ्यात जास्त तडे तिथलेच.

हिल्के खुर्चीत मागे सरकली. तिने हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले, जणू कळफलक चिकट झाला होता.

"फाइलीवर दुसरा एक शिक्का असतो," ती मला समजावत होती की स्वतःला, कोण जाणे. "फाइलीला कुणीही काही केलं, तारीख बदलली तरीसुद्धा, त्या क्षणाची वेळ यंत्र आपणहून टिपतं. टचने तो शिक्का पाहिजे तसा मारता येत नाही."

तिने तो शिक्का काढला. चारशे बारांवर सहा नोव्हेंबर, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. सगळं दोन सेकंदांत उरकलेलं.

मग तिने यंत्राची नोंदवही उघडली. कुणी सर्वाधिकार वापरून हुकूम सोडला की त्याचं नाव, वेळ आणि हुकमाची अख्खी ओळ यंत्र तिथे लिहून ठेवतं. त्या हजारो ओळींतून हवी ती वेचायला ग्रेप नावाचा हुकूम आहे. तिने शब्द दिला, टच. ओळ आली. नाव फ्लोरिसचं. ओळ तिची. फाइंड, फोल्डर, शेपटाला टच. शब्द तेच, क्रमही तोच. फक्त गाव आणि तारीख वेगळी.

आणि त्याच्या चार मिनिटं आधीची आणखी एक ओळ होती. तीच, पण टचशिवाय.

"आधी यादी काढली," हिल्के म्हणाली. "मी सांगितलं होतं तशी. चार मिनिटं बसून वाचली. यात नावं आहेत. 'मुलांची खोली' आहे. 'आईचा पलंग' आहे. सगळं वाचलं, आणि मग हात लावला."

ती उठून संडासात गेली. मला आणि एप्पोला उलटीचा आवाज ऐकू आला. एप्पो आपली टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "पोटाचं दुखणं आहे का तिला?"

"नाही, मेनेर. कामाचं."

ती परत आली, तोंड धुतलेलं, आणि थेट फ्लोरिसच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं. तो दही खात होता.

"तेर्समच्या तारखा तू बदलल्यास."

त्याने चमचा चाटून खाली ठेवला. "बदलल्या काय? जरा नीट लावल्या. एक फाइल तरी गेली का? मोजून बघ. सगळ्या जागेवर आहेत."

"बारा सप्टेंबरला आलेला म्हातारा बाहेर बसलाय. त्याला तू चार ऑक्टोबरचा केलास."

"हिल्के, बस. वरून आकडा ठरला होता. इतक्या घरांना अभियंते मिळणारच नव्हते. कुठलं तरी गाव मागे ठेवावंच लागलं असतं."

"मग तसं लिहायचं होतंस. तेर्समला मागे ठेवलं, म्हणून सही करायची होतीस."

"तू किती सरळ विचार करतेस ना!" तो हसला. "बरं, ऐक. तुझ्या त्या म्हाताऱ्याचं करून टाक. सातच फाइली आहेत ना? जुनी तारीख लाव त्यांना. तुझ्यासाठी दोन मिनिटांचं काम. बाकीचं राहू दे."

"आणि बासष्ट घरं?"

"त्यांनी कुठे विचारलंय?" मग खांदे उडवून म्हणाला, "आणि असं बघू नकोस माझ्याकडे. शिकवलंस तूच."

बाहेर येऊन हिल्केने स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला, काही झटकावं तसा. त्याने तर तिला स्पर्शही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेल आला. जुन्या प्रती यंत्रावर जागा अडवतात, तरी सप्टेंबरच्या सर्व प्रती शुक्रवारपर्यंत काढून टाकाव्यात. हिल्के दर रविवारी साऱ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्यायची. सप्टेंबरच्या प्रतींत तेर्समच्या फाइली खऱ्या तारखांसकट झोपलेल्या होत्या.

"हे वाच," तिने पडदा माझ्याकडे वळवला. "एवढी घाण करायची, आणि वर ती साफ करायला मलाच बोलवायचं. तेही लेखी!"

"काय करणार?"

"शुक्रवारला तीन दिवस आहेत."

त्या तीन दिवसांत तिने पुसलं काहीच नाही. तिने जुनी प्रत आणि आत्ताच्या फाइली समोरासमोर लावल्या. प्रत्येक फाइलीच्या मजकुरातून एक लांबलचक आकडा काढता येतो. फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी आकडा बदलतो, नुसती तारीख बदलली तर तोच राहतो. चारशे बारांपैकी चारशे बारा आकडे जुळले. तारीख मात्र एकीचीही जुळली नाही. त्या याद्या, नोंदवहीतल्या दोन ओळी आणि फ्लोरिसचा मेल तिने छापले आणि आमच्यावर देखरेख करणाऱ्या समितीच्या दारात स्वतः नेऊन दिले. 'बारा सप्टेंबरला मी स्वतः फोटो उतरवले,' एवढं मी वर लिहून सही केली. नोकरी मलाही हवी होती.

समितीने मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी तेर्समच्या चर्चशेजारच्या दालनात सुनावणी ठेवली. बायकांनी मोहरीचं सूप केलं होतं, ओल्या कोटांचा वास सुटला होता, आणि खुद्द छतालाच तडा होता. फ्लोरिस आला नाही, तब्येत बरी नसल्याचं पत्र आलं. हिल्के उभी राहून सगळं सांगत गेली. कोणती ओळ, कोणता शिक्का, कोणत्या वेळी. लोक शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

मागून एक बाई उठली, गोठ्यातले बूट तसेच पायात. "ही ओळ त्याला कुणी दिली म्हणालीस?"

"मी," हिल्के म्हणाली.

"आणि अधिकार?"

"तेही माझ्याच हातून गेले. वरून पत्र होतं."

"वरून पत्र होतं!" बाई दालनाकडे वळली. "ऐकलंत? यांच्याकडे नेहमी वरूनच पत्र असतं. नोव्हेंबरात केलं त्याने, जानेवारीपर्यंत तू काय करत होतीस? आमच्या आईचा पलंग आम्ही ओसरीत आणला, आणि तू काय, बिस्किटं खात होतीस?"

मला राग आला. मी उठणार होते, पण हिल्केने माझी बाही ओढली.

"बघितलं नाही मी," ती म्हणाली. "तारखांवर रोज नजर टाकायला हवी होती. नाही टाकली. तुमचं बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणून काय भिंत सांधणार का?" बाई खाली बसली.

एप्पो पहिल्या रांगेत होता. तो मागे वळून एवढंच म्हणाला, "सिएत्स्के, पुरे. उलटी झाली तिला. मी ऐकली." कुणीतरी हसलं. सूप आम्हाला दोघींनाही वाढलं. हिल्केने चमचा बुडवला आणि तसाच ठेवला.

पुढे जे व्हायचं ते झालं. तेर्समच्या तारखा जुन्या प्रतीवरून परत लावल्या. ते काम समितीच्या दोन माणसांसमोर हिल्केनेच केलं, आधी यादी काढून, एकेक नाव मोठ्याने वाचून. मे महिन्यापासून अभियंते गावात जायला लागले. एप्पोच्या भिंतीला लाकडी टेकू लागले. तो फोनवर म्हणाला, "आता घरात चालायचं म्हणजे जहाजात चालल्यासारखं. पण पडणार नाही म्हणतात."

फ्लोरिसला कुणी काढलं नाही. त्याची दुसऱ्या एका कार्यालयात बदली झाली, पद 'विश्वास आणि संवाद समन्वयक'. निरोपाला केक आणायचं काम माझ्याकडे आलं. मी आणला, तेवढी भित्री मी होतेच. त्याने स्वतः कापला, सगळ्यांच्या खांद्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, आपण खूप काही शिकलो. लोक खात होते. माझे जुने सहकारी, भले लोक, बोटाला लागलेलं क्रीम चाटत होते. हिल्के जागेवरून उठली नाही. तिच्यासाठी ठेवलेला तुकडा संध्याकाळपर्यंत कागदी बशीत वाळत पडला.

त्याच आठवड्यात तिला ताकीद मिळाली. कार्यालयाच्या फाइलींच्या प्रती विनापरवानगी बाहेर नेल्या, असा ठपका.

"आता तरी सोड ही नोकरी," मी म्हटलं.

"मी सोडली तर इथे काय कुठे आहे ते कुणाला माहीत? तुला?"

"मला शिकव."

तिने खुर्ची ओढून दिली. पुढचे चौदा महिने, निवृत्त होईपर्यंत, रोज कॉफीनंतर अर्धा तास तिने मला शिकवलं. शिव्या खाल्ल्या मी भरपूर. "हा हुकूम आहे की शेंबूड?" असंही ऐकलं. पण फाइंड आणि ग्रेप आता माझ्या बोटांत आहेत, आणि दर सोमवारी सकाळी मी सगळ्या तारखा चाळते.

निवृत्तीनंतर वर्षाने तिला जाड कागदावरचं पत्र आलं. सचोटीबद्दल तिचा सत्कार करायचा होता. पत्रात तिला 'आमच्या कार्यालयाचा अभिमान' म्हटलं होतं, आडनाव चुकवलं होतं, आणि खाली सही ताकीद देणाऱ्या त्याच गृहस्थाची होती. तिने ते मला वाचून दाखवलं. दोन बोटांत धरलं होतं, मांजराने आणलेलं काहीतरी धरतात तसं.

"जाणार का?" मी विचारलं.

"आंघोळ करून मी कशाला त्यांच्यात जाऊ?"

तिने उत्तर पाठवलं. 'माझी ताकीद आणि तुमचा सत्कार एकाच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे शोधणाऱ्याला सोपं जाईल.' त्यावर त्यांचा छापील मेल आला, आपला संदेश मिळाला, दहा दिवसांत कळवू. काही कळवलं नाही. हिल्के आता तेर्समजवळच्या एका वाचनालयाची जुनी सूची नीट लावून देते, आठवड्यातून दोन सकाळी, फुकट. सिएत्स्के तिथे पुस्तकं बदलायला येते. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत.